तळव्यातलं बळ

पहाटेची तालीम डोळ्यांआधी नाकाला कळते. ताक, तेल, लिंबू, कापूर आणि हळद मुरवून मऊ केलेल्या हौद्यातल्या तांबड्या मातीचा वास आधी येतो. सांगलीत हळदीला काय तोटा, इथे सौद्यांच्या दिवसांत वारासुद्धा पिवळा होऊन वाहतो. मग अंधार पातळ होत जातो आणि आवाज उमटू लागतात. जोर मारणाऱ्यांचे लांब श्वास, बैठकांचा ठेका, मारुतीच्या कोनाड्यापाशी कुणीतरी पुटपुटलेलं स्तोत्र, आणि कोपऱ्यात एकट्यानेच मुद्गल घुमवणाऱ्या पोराच्या पाठीमागून येणारा तो जड, गोल, हवेला वळवत नेणारा नाद.

तो नाद माझ्या अंगात मुरून राहिला. गोल्फची काठी हाती आली ती पुष्कळ वर्षांनी, पुण्यात, दवाने जड झालेल्या हिरवळीवर. खांदे वळव, कंबर मोकळी सोड, नजर चेंडूवर ठेव, असं शिकवणारे सांगत. शब्द कानावर पडत आणि शरीर मख्ख उभं राही. मग एका सकाळी काठी उजव्या खांद्यावरून मागे गेली, तिच्या टोकाचं वजन पाठीशी ओथंबलं, खुब्यात एक गोड ताण भरला, खांद्याचा फरा दार उघडावं तसा अलगद उघडला, आणि त्या परक्या, नीटनेटक्या हिरवळीवर मला हळदीचा वास आला.

मुद्गलच की हा!

मनगटाच्या जोरावर मुद्गल फिरवू पाहणाऱ्या पोराला वस्ताद आधी थांबवतात. पाय रोव, म्हणतात. मग तळवा माती धरतो, बोटं तिच्यात रुततात, पोटरी ताठ होते, मांडीतून, खुब्यातून, कंबरेच्या वळणातून बळ वर चढत जातं, कण्याभोवती वेढा घेतं, फऱ्यातून दंडात उतरतं, कोपरातून मनगटाशी येतं, आणि तिथवर पोचेपर्यंत त्याचं ओझं गळून गेलेलं असतं, उरलेला असतो निव्वळ वेग.

हात शेवटी येतात.

गोल्फमध्येही तसंच आहे. चेंडू जेमतेम 46 ग्रॅमचा. सेकंदाचे दोन हजार भाग केले, तर त्यातल्या साधारण एका भागापुरतीच काठी त्याला भेटते. एवढ्याशा भेटीसाठी पाय, पाठ, पोट, श्वास सगळ्यांनी एका रांगेत उभं राहायचं. मूठ आवळली, की रांग मोडते. दंडातला गोळा तिथे काही कामाचा नाही. मला तर वाटतं, बळ साठून बसलं की ते जडच होतं. ते वाहतं असलं तरच त्याला बळ म्हणावं.

या दोन काठ्यांची, मुद्गलाची आणि गोल्फच्या काठीची, समुद्रावर कधीतरी चुकामूक झाली असेल, असं मला वाटत राहतं. इंग्रजांनी 1829 मध्ये कलकत्त्यात गोल्फ क्लब काढला, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. त्याच शतकात त्यांच्या सैन्यातल्या लोकांनी आपल्या आखाड्यांतली मुद्गलांची जोडी पाहिली, उचलली, मायदेशी नेली. तिकडे तिला ‘इंडियन क्लब’ म्हणू लागले आणि 1904 व 1932 च्या ऑलिंपिकमध्ये ती फिरवण्याची स्पर्धाही झाली. तरीही गोल्फवाले पुढे कित्येक वर्षं मेहनतीला भ्यायले. वजनं उचलली तर अंग आखडेल, फटक्यातली लय जाईल, ही समजूत पक्की होती. दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेअरने ती न जुमानता व्यायाम केला, आणि 1965 पर्यंत गोल्फच्या चारही मोठ्या स्पर्धा त्याच्या जिंकून झाल्या होत्या. तालमीतल्या कुणालाही हे सांगा, त्याला त्यात नवल वाटणार नाही.

बळकट आणि लवचीक या दोन गोष्टी आपल्याकडे कधी भांडल्याच नाहीत. साताऱ्याकडचं औंध आठवा. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांतली मुलंही घालत. कोवळ्या उन्हात एका तालावर वाकणाऱ्या, उठणाऱ्या, छाती आभाळाकडे नेणाऱ्या त्या रांगा मी पाहिलेल्या नाहीत. पण नमस्कार घालताना कणा मणक्यामणक्याने जागा होतो तेव्हा वाटतं, आपण त्याच रांगेत शेवटी कुठेतरी उभे आहोत. खेळायला जाण्याआधी मी दुसरं काही करत नाही. नमस्कार, बैठका, थोडा मुद्गल.

आणि कऱ्हाडजवळचं गोळेश्वर. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन एकमेकींच्या मिठीत शिरतात, त्या प्रीतिसंगमापासून फार दूर नसलेलं. खाशाबा जाधव तिथले. चणीने लहान. तांबड्या मातीत वाढलेला हा मल्ल 1948 मध्ये लंडनला गेला, परकी गादी पायाखाली आली, तरी सहावा ठरला. 1952 मध्ये हेलसिंकीहून 57 किलोच्या गटातलं कांस्यपदक घेऊन आला, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जमीन बदलली, पायांनी स्वतःला तिच्यासाठी पुन्हा घडवलं. गावाकडे बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, तेव्हा त्या धुळीत केवढा आनंद मिसळला असेल!

तेच पाय आजही सांगली-साताऱ्याच्या या दोन जिल्ह्यांत पहाटे मातीत रुतताहेत, आता पोरींचेसुद्धा. गोल्फ त्यांच्यापासून फार दूर आहे. पैशाने दूर, हिरवळीने दूर. चहूकडे ऊस, मोकळी जमीन सापडायची ती तोडणी झाल्यावर. मला हे अंतर मनापासून सलतं. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फ खेळून आला. मग मुद्गल फिरवून ज्यांचे खुबे आणि खांदे आधीच तयार आहेत, त्या पोरापोरींनी एकदा तरी चेंडू उसाच्या फडावरून पलीकडे जाताना का पाहू नये? माझ्याकडे जुन्या काठ्या आहेत. तोडणीनंतर त्या घेऊन येऊ का, असं मी तालमीतल्या वस्तादांना विचारलं. त्यांनी हातातला बैठकांचा हिशेब न चुकवता माझ्याकडे पाहिलं.

“आण की,” म्हणाले, “पोरांचं पाय पक्कं हायती. हातांचं बघू.”