अंगठा कुठे ठेवायचा

कॅलिफोर्नियाच्या बंदुकांविषयीच्या नियमावलीत माणसाच्या अंगठ्याला फार महत्त्व आहे. गोळी झाडताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं बेचकं ट्रिगरच्या वरच्या टोकाखाली येऊ शकत असेल, तर त्या रायफलीला ‘पिस्तूल ग्रिप’ म्हणजे पिस्तुलासारखी मूठ आहे असं धरतात. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीला अशी मूठ असली आणि तिचं मॅगझिन सहज काढता-घालता येत असलं, की ती कायद्याने ‘असॉल्ट वेपन’ ठरते. मग ती विकणं, बनवणं, राज्यात आणणं गुन्हा. बेचकं जरा वर राहिलं आणि बाकी काही आक्षेपार्ह नसलं, तर जवळपास तीच रायफल दुकानात रीतसर मिळते.

हे सगळं मी वाचत बसले, कारण नवऱ्याला ऑस्टिनमध्ये नोकरी मिळाली. बे एरियातल्या भाड्यापुढे हात टेकलेल्या आमच्यासारख्यांना टेक्सस म्हणजे स्वतःचं घर, अंगण, मुलीसाठी वेगळी खोली. पण मुलगी सहा वर्षांची आहे, शाळेत लॉकडाउन ड्रिल करते. दिवे बंद, दार बंद, कोपऱ्यात गप्प बसायचं. आणि टेक्ससमध्ये असॉल्ट वेपनवर राज्याची बंदी नाही. अशी बंदी असलेली राज्यं देशात दहाएकच. म्हटलं, आपण नेमकं काय सोडून चाललोय ते तरी बघू.

पहिली अडचण शब्दाचीच. माझे वडील साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. फोनवर त्यांना सांगितलं तर म्हणाले, “असॉल्ट रायफल म्हणजे बर्स्ट मारणारी. ती लोकांना विकतात?”

“नाही बाबा. ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी. पुढची आपोआप चेंबरमध्ये येते.”

“मग आमची एसएलआर तशीच होती की! नावातच आहे, सेल्फ लोडिंग. वीस राउंडचं मॅगझिन.”

मी यादी काढून पाहिली. भारतीय लष्कराची एसएलआर ज्या बेल्जियन एफएन एफएएल रायफलीवर बेतलेली आहे, तिचं नाव कॅलिफोर्नियाच्या 1989च्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. इन्सास येईपर्यंत आपल्या जवानांनी जी वर्षानुवर्षं खांद्यावर वागवली, तिची ही चुलत बहीण.

ती यादी आली स्टॉकटनमुळे. 17 जानेवारी 1989 रोजी तिथल्या क्लीव्हलँड प्राथमिक शाळेच्या मैदानात एकाने एके-47 धाटणीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालवली. पाच मुलं गेली, सहा ते नऊ वर्षांची. आग्नेय आशियातल्या युद्धातून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांची मुलं होती ती. त्याच वर्षी जॉर्ज ड्युकमेजियन या रिपब्लिकन गव्हर्नरने कायद्यावर सही केली. असा कायदा करणारं कॅलिफोर्निया हे पहिलं राज्य.

कायद्याने नावं लिहिली, तर कंपन्यांनी नावं बदलली. थोडाफार बदल करून जुना माल नव्या नावाने बाजारात. म्हणून 1999मध्ये राज्याने नावांच्या जोडीला वैशिष्ट्यं लिहिली: पिस्तूल ग्रिप, पुढची मूठ, अंगठा आरपार जाईल असं भोक असलेला दस्ता, दुमडणारा किंवा लांब-आखूड होणारा दस्ता, ग्रेनेड किंवा फ्लेअर लाँचर, नळीच्या तोंडाशी फ्लॅश सप्रेसर. मॅगझिन सुटं होत असेल आणि यातलं एक जरी असेल, तर बंदी.

मग ‘सुटं होणारं मॅगझिन’ म्हणजे काय? हाताने निघणारं. अवजार लागत असेल तर ते सुटं नाही. आणि गोळीचं टोक हे अवजार धरलं गेलं! लगेच ‘बुलेट बटन’ निघालं. गोळीच्या टोकाने छोटं बटन दाबायचं, मॅगझिन बाहेर. 2015मध्ये सॅन बर्नार्डिनोत 14 माणसं मारली गेली, त्यानंतर 2016मध्ये ही पळवाट बंद झाली. आता मॅगझिन ‘पक्कं’ हवं, म्हणजे रायफलीची यंत्रणा उघडल्याशिवाय निघता कामा नये. यावर बाजाराचं उत्तर तयारच होतं. मुठीला माशाच्या परासारखी एक पट्टी लावायची, म्हणजे अंगठा पलीकडे वळत नाही आणि पिस्तूल ग्रिप उरतच नाही. मॅगझिन पूर्वीसारखं सुटंच.

हे सगळं बाबांना सांगितल्यावर ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. म्हणाले, “मूठ असली की रायफल ताब्यात राहते, हे खरंच आहे. पण माणूस मुठीने मरत नाही. मॅगझिनमध्ये राउंड किती आणि ते बदलायला वेळ किती, ते बघ.”

ते पाहिलं, आणि सँडी हूकपाशी थांबले. कनेटिकटमध्ये असॉल्ट वेपनवर 1993पासून बंदी होती. तरी 14 डिसेंबर 2012 रोजी ज्या रायफलीने शाळेत 20 मुलांचे आणि सहा मोठ्यांचे जीव घेतले, ती त्या कायद्यात बसणारी, रीतसर विकत घेतलेली होती. जुन्या व्याख्येत दोन वैशिष्ट्यं लागायची. पाच मिनिटांच्या आत 154 गोळ्या. मॅगझिन तीस-तीस गोळ्यांची. पुढच्या वर्षी राज्याने दोनाची अट एकावर आणली, यादी वाढवली आणि मॅगझिनला दहा गोळ्यांची मर्यादा घातली. कॅलिफोर्नियात दहाहून मोठ्या मॅगझिनच्या विक्रीवर 2000पासूनच बंदी आहे.

बंदूकवाले म्हणतात, ही व्याख्या नुसती दिसण्यावरून केलेली आहे. त्यात तथ्य आहे. पण व्याख्येला पळवाट सापडते म्हणून व्याख्याच नको, हे मला पटत नाही. प्रत्येक पळवाटेनंतर कायदा परत लिहिला गेला. मात्र बहुतेक वेळा कुठल्यातरी शाळेनंतर, कुठल्यातरी गर्दीनंतर लिहिला गेला, हे विसरता येत नाही. संपूर्ण देशासाठी 1994मध्ये केलेला कायदा तर दहा वर्षांची मुदत घालूनच आला होता. 2004मध्ये मुदत संपली, कायदा गेला. मेरीलँडच्या बंदीचं प्रकरण जून 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला नकार दिला, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी लिहून ठेवलंय की येत्या एक-दोन सत्रांत हा प्रश्न हाती घ्यायला हवा. म्हणजे आम्ही कॅलिफोर्नियात राहिलो, तरी अंगठ्याची ही भिंत किती दिवस टिकेल हे कोर्टाच्या हातात.

टेक्ससमध्ये ती भिंत नाहीच. 24 मे 2022 रोजी युवाल्डीत 19 मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. मारणाऱ्याने अठरा वर्षं पूर्ण होताच काही दिवसांत दोन एआर धाटणीच्या रायफली घेतल्या होत्या, कायद्याने. तिथे अंगठा कुठेही ठेवला तरी चालतं.

बाबांना ती व्याख्येची भानगड अजूनही फारशी पटलेली नाही. त्यांच्या डोक्यात ‘कोत’ आहे, म्हणजे पलटणीतली हत्यारं ठेवायची खोली. रायफल नंबरावर मिळायची, सही करून. फायरिंगला राउंड मोजून मिळायचे, रिकामी खोकी मोजून परत द्यायची. एक कमी भरलं तर सगळे जण गवतात शोधत बसायचे. “हत्यार कसं दिसतं हे आम्हाला कुणी विचारलं नाही,” ते म्हणाले. “कुणाकडे आहे आणि कुलुपात आहे का, एवढंच विचारायचे.”

आम्ही जूनमध्ये जातोय. घर, पगार आणि नवऱ्याचं मन, तिन्ही तिकडेच. मला राज्याचा कायदा बदलता येणार नाही, पण बाबांचा प्रश्न विचारता येईल. इथल्या बऱ्याच आया मुलांना खेळायला पाठवण्याआधी तो विचारतात. निष्काळजीपणाने ठेवलेली भरलेली बंदूक लहान मुलाच्या हाती लागली तर टेक्ससमध्येही तो गुन्हा आहे, त्यामुळे विचारण्यात वावगं काही नाही. तरी ओळख नसलेल्या घरी पहिल्याच फोनला हे विचारायचं म्हणजे जीभ अडखळणारच. कुत्रा आहे का, शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का, हे विचारतो, त्याच दमात तेही विचारायचं ठरवलंय. तुमच्याकडे बंदूक आहे का? असेल तर कुलुपात आहे ना? गोळ्या वेगळ्या ठेवता ना?

उत्तर देताना समोरची बाई चाचरली, तर मुलांनी आमच्या अंगणात खेळायचं.