कुलूपबंद पोथ्यांचं गाव

मेळघाटातल्या सेमाडोहला कधी गेलात, तर तिथल्या नदीचं नाव नक्की विचारा. ‘सिपना’! कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. बघाल तिकडे सागच साग, म्हणून नदीही सागाची. आणि कोरकू ही मराठीची बहीण नाही बरं का! तिचं गोत मुंडा भाषांचं. संथाळी, मुंडारी या तिच्या नातलग भाषा पार झारखंड-ओडिशाकडे बोलतात. आजीच्या तोंडून नातवाच्या कानात, अशीच ही भाषा आजवर चालत आली.

तोंडची भाषा कागदावर उतरली, की तिचं काय होतं? हे बघायचं तर घाट उतरा. परतवाडा आणि चांदूर बाजार मागे टाकून मोर्शी तालुक्यात शिरलात, की रिद्धपूर लागतं. दिसायला साधं वऱ्हाडी गाव, पण महानुभाव पंथाची ही काशीच! गोविंदप्रभू इथलेच. त्यांना गुरू मानणारे चक्रधरस्वामी तेराव्या शतकात लोकांशी मराठीत बोलले. त्या काळी विद्या म्हणजे संस्कृत, असं पंडित मानत!

1274च्या सुमारास चक्रधर उत्तरेकडे निघून गेले. मग म्हाइंभटांनी काय केलं? स्वामींना ज्यांनी पाहिलं, ऐकलं, त्यांना गाठून एकेक आठवण विचारली आणि ‘लीळाचरित्र’ लिहिलं. मराठी गद्यातला हा पहिला मोठा ग्रंथ. पुढे एका पंडिताला संस्कृतात लिहायची हौस आली, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला अडवलं. संस्कृतात लिहिलं तर पंथातल्या म्हाताऱ्या बायांना काय कळणार, हा त्यांचा सवाल!

परंपरा सांगते, की पुढे एका धाडीत मूळ पोथी गेली. शिष्यांनी आठवून आठवून ती पुन्हा लिहिली. अशी पोथी जीव की प्राण होणारच. मग महानुभावांनी युक्ती काढली. पोथ्या सांकेतिक लिपीत लिहायच्या! तिचं नाव सकळ लिपी. तुम्हीही करून बघा. समजा ठरवलं, की ‘क’च्या जागी ‘त’ आणि ‘त’च्या जागी ‘क’ लिहायचा. झालं! ‘ताक’ लिहायला गेलात, की कागदावर ‘कात’ उमटेल. ज्याला किल्ली ठाऊक, त्यालाच ताक मिळेल!

गंमत म्हणजे पोथ्या कुलपात होत्या, पण माणसं नव्हती. साधू-साध्वी गावोगाव फिरत, दारोदार भिक्षा मागत. पंथ पंजाबपर्यंत पोचला, तिथल्या मठांतही मराठी पोथ्या जपल्या गेल्या. भाषा रोजच्या बोलण्यातली, भाकर लोकांच्या घरची आणि ग्रंथ मात्र लोकांना बंद!

या कुलपानं पोथ्या वाचल्या खऱ्या. पण त्याची किंमतही पडली. आत काय लिहिलंय ते बाहेरच्यांना कळेना, तेव्हा पंथाविषयी नाही नाही ते गैरसमज पसरले. आणि म्हाताऱ्या बायांसाठी लिहिलेली मराठी कित्येक शतकं पंथाबाहेरच्या मराठी माणसालाच वाचता आली नाही! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली. हळूहळू महंतांनीही अभ्यासकांना पोथ्या दाखवल्या. वि. भि. कोलते यांच्यासारख्या विद्वानांनी त्यांच्यावर आयुष्य वेचलं. आता तर 2024मध्ये रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठाचं काम सुरू झालं. जिथे पोथ्या दडवल्या जात, तिथेच आता कुणीही शिकायला यावं!

आता सेमाडोहचा विचार करा. तिथल्या आजीच्या गोष्टींना कुठलंच कुलूप नाही. पण त्या फार थोड्या लिहिल्या गेल्यात. आजी गेली, की तिच्याबरोबर गोष्टही जाते. म्हाइंभटांनी केलं ते काम तिथे कोण करणार? सेमाडोहच्या शाळेतली मुलंच की! आणि तुमच्या घरीही आजी आहेच ना? मग घ्या वही. फक्त तिला कुलूप लावू नका हं!