शस्त्रक्रियेपूर्वी कोणते स्कॅन?

सौ.च्या मानेवरची गाठ प्रथम आमच्या सुनेच्या लक्षात आली. सोनोग्राफी झाली, गाठीत सुई घालून पेशी तपासल्या गेल्या आणि अहवालात ‘बेथेस्डा सहा’ असे आले. थायरॉइडचा पॅपिलरी कर्करोग. डॉक्टरांनी लगेच धीर दिला की हा प्रकार बहुधा सावकाश वाढतो आणि शस्त्रक्रियेने आटोक्यात येतो.

त्याच संध्याकाळी चिंचवडच्या घरी सगळे जमले. माझा पुतण्या चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवतो. तो म्हणाला, “काका, पैशाचा विचार करू नका. काकूंचा पेट स्कॅन करू, डोक्यापासून पायापर्यंत एकदाच सगळे कळेल.” त्याच्या बोलण्यात माया होती, म्हणून कोणीच विरोध केला नाही. मीही नाही. आपल्या व्यापारी घरांत आजारपणात सढळ हाताने खर्च करणे हीच प्रेमाची भाषा होऊन बसली आहे.

शल्यविशारदांनी मात्र आधी सोनोग्राफीचा अहवाल मागितला आणि वाचून बाजूला ठेवला. त्यात थायरॉइडमधील गाठीचे माप मिलिमीटरपर्यंत होते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या लसिका ग्रंथींविषयी एक वाक्यही नव्हते. हा कर्करोग पसरला तर बहुधा प्रथम तिथेच पसरतो. बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासताना मी जाडजूड फायली पाहिल्या आहेत, ज्यांत दाखले भरपूर आणि मालकीचा मूळ कागद तेवढा नसे. आमचीही फाइल तशीच होती, आणि तिला आम्ही पेट स्कॅन जोडायला निघालो होतो.

दुसऱ्या ठिकाणी केवळ मानेची सोनोग्राफी पुन्हा केली. तिथल्या डॉक्टरांनी बराच वेळ दोन्ही बाजू बारकाईने पाहिल्या. डाव्या बाजूला एक संशयास्पद ग्रंथी निघाली आणि सुईच्या तपासणीत तिच्यातही कर्करोग आढळला. पहिल्या अहवालावर विसंबलो असतो तर फक्त थायरॉइड निघाले असते आणि पुढे त्याच मानेवर, जुन्या व्रणांतून, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली असती. या विचाराशी मी आजही थबकतो.

ग्रंथी छातीच्या हाडामागे किती खाली गेल्या आहेत हे सोनोग्राफीत दिसत नाही, म्हणून मानेचा सीटी स्कॅन सुचवला गेला. त्याच्या काँट्रास्ट औषधात आयोडीन असते, त्यामुळे पुढचा किरणोत्सारी आयोडीनचा उपचार वाया जाईल, असे पुतण्याला कोणीतरी सांगितले होते. भीती अगदीच निराधार नव्हती. ते आयोडीन शरीरातून जाईपर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे थांबावे लागते. पण तो उपचार शस्त्रक्रियेनंतरचा. जखम भरून पॅथॉलॉजीचा अहवाल येईपर्यंत बराचसा काळ जातोच. थायरॉइडची पातळी आणि क्रिएटिनिन तपासून स्कॅन झाला. चार तास काही खाऊ नका, असे सांगणाऱ्या परिचारिकेला सौ. म्हणाली, “चौविहार करणारीला चार तासांचे काय!”

पेट स्कॅन केला नाही. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या सूचनाही शस्त्रक्रियेपूर्वी मानेची सोनोग्राफी सर्वांना, काँट्रास्टसह सीटी वा एमआरआय आजार पुढे गेल्याची शंका असलेल्यांना सांगतात. पेट सरसकट नको म्हणतात. साध्या सुजेनेही त्यात ठिपके उजळतात आणि मग प्रत्येक ठिपक्यामागे धावावे लागते. “उद्या काही निघाले तर?” पुतण्याने विचारले. खात्रीचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. “त्याने डॉक्टरांची शस्त्रक्रिया बदलणार नाही,” एवढेच मी म्हणालो. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी पहाटे मात्र आमच्याआधी रुग्णालयात येऊन बसला होता.

थायरॉइड आणि डाव्या बाजूच्या ग्रंथी एकाच वेळी निघाल्या. आवाज तीन आठवडे घोगरा होता. किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारापूर्वी दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ, दूध, दही वर्ज्य, अशी यादी मिळाली. पुतण्या ती घेऊन चिंतेने स्वयंपाकघरात शिरला. सौ.ने चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाली, “अरे, ही तर अळणी आयंबिलाची ओळी झाली. तू चहा घे.”