गुंठा की हप्ता

शिक्षणासाठी कर्ज काढू नये, अगदीच गरज पडली तर गुंठा विकावा, हे माझं मत होतं. शिवऱ्यात ते माझ्या एकट्याचं नव्हतं. आमचं गाव पुणे-सातारा महामार्गालगत. खेड शिवापूरच्या टोलनाक्यापासून नसरापूरपर्यंत गोदामं, ढाबे आणि प्लॉटिंगचे फलक उभे राहिले, तसं जमिनीला गिऱ्हाईक शोधावं लागेनासं झालं. भाताच्या खाचरातून वर्षाकाठी हाती येतं किती आणि तीच जमीन विकली तर येतं किती, या हिशेबात इंजिनिअरिंगची फी किरकोळ वाटायची. व्यवहार एका दिवसात मिटतो आणि मागे देणं उरत नाही, असं मी पोरांच्या बापांना सांगत आलो.

या मतामागे माझी नोकरीही होती. मी एका पतसंस्थेत वसुली पाहायचो. कर्ज घेणारा पुण्याला निघून जायचा आणि नोटीस जामीनदाराच्या दारात लागायची. भावकीत बोलणी बंद झालेली मी पाहिली आहेत. त्यामुळे कर्ज म्हटलं की मला आधी जामीनदाराचा चेहरा दिसे.

दुसरं मत वयाबद्दल होतं. तिशी उलटली की शिक्षण मुलांचं करायचं, आपलं नाही.

पहिल्या मताला धक्का दिला माझ्या धाकट्या बहिणीनं. वारस नोंदीच्या वेळी तिच्याकडून हक्कसोडपत्र घ्यायचं ठरलं होतं. भावांमध्ये कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. ती सही करायला तयार होती, पण म्हणाली, "दादा, धाकट्याची फी भरायला रस्त्याकडचं शेत विकलं, त्यात माझाही वाटा होता. सही करते, पण तेवढं कुठंतरी लिहून तरी ठेव."

२००५ च्या कायदा दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, हे मला ठाऊक होतं. तो आमच्या घराच्या हिशेबात मी कधी धरला नव्हता. जमीन विकून फी भरली की देणं उरत नाही, हे खरं नव्हतं. देणं उरतंच, फक्त ते कागदावर येत नाही आणि बहुधा ज्याच्या शिक्षणासाठी पैसे गेले त्याच्या नावावर नसतं. बँकेच्या कर्जात निदान रक्कम, मुदत आणि नाव तरी लिहिलेलं असतं. आमच्या घरात फी एकानं घेतली, फेडली दुसरीनं आणि पावती कुणाकडेच नाही.

दुसरं मत सुनेमुळे बदललं. ती तेहतीस वर्षांची आहे, बारावी झालेली. वेळूच्या बाजूला एका गोदामात पॅकिंगला जायची, महिना बारा हजारांवर. एके दिवशी म्हणाली, "नाना, मला जीएनएमला प्रवेश घ्यायचाय. पस्तिशीनंतर घेत नाहीत." नर्सिंगच्या या तीन वर्षांच्या पदविकेला कमाल वय पस्तीस आहे. म्हणजे वयाची अट होती, पण ती बँकेची नव्हती, अभ्यासक्रमाची होती.

बँकेची माहिती काढल्यावर माझे बरेच समज गळून पडले. इंडियन बँक्स असोसिएशननं आखलेल्या शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत विद्यार्थ्याच्या वयाला बंधन नाही. चार लाखांपर्यंत तारण नाही, तिऱ्हाईत जामीनदार नाही आणि पदरचा हिस्साही घालावा लागत नाही. सहकर्जदार मात्र लागतो. विद्यार्थी विवाहित असेल तर नवरा किंवा बायको, आईवडील किंवा सासूसासरे, यांपैकी कुणीही चालतं. सुनेच्या शिक्षणाला सासरा सही करू शकतो, हे नियमात लिहिलेलं आहे. आमच्या बाजूला ते कुणी वाचलं नसावं, मीही नाही.

मग आम्ही वही घेऊन बसलो. फी वर्षाला एक लाख धरली, म्हणजे एकूण तीन लाख. व्याज दहा टक्के धरलं. अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष सूट मिळते आणि तोपर्यंत सरळव्याज लागतं. चार वर्षांत ते नव्वद हजार होतं. ते तसंच साठू दिलं, तर हप्ता सुरू होताना कर्ज तीन लाख नव्वद हजार. दहा वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे ५,१५० रुपये. पंधरा वर्षं घेतली तर हप्ता ४,१९० वर येतो, पण एकूण भरणा जवळपास एक लाख छत्तीस हजारांनी वाढतो. याउलट शिकत असतानाच व्याज भरत गेलो, पहिल्या वर्षी महिना साधारण ८३०, तिसऱ्या वर्षी अडीच हजार, तर पुढचा हप्ता चार हजारांच्या आत राहतो.

नर्सचा सुरुवातीचा पगार आम्ही अठरा हजार धरला. त्यातून ५,१५० गेले की उरतात १२,८५०. गोदामात मिळत होते बारा हजार. आकडा पाहून मुलगा म्हणाला, "एवढं करून साडेआठशेचाच फरक?" सून म्हणाली, "गोदामात दहा वर्षांनी काय मिळणार, तेही लिहा." ते लिहायला आमच्याकडे आकडा नव्हता. तिथे अनुभवाला पगार चढत नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

अजून एक ओळ तिनंच वाढवली. तिची मुलगी नऊ वर्षांची आहे. दहा वर्षांचा हप्ता सूनबाईच्या सत्तेचाळिशीपर्यंत चालणार आणि लेक मात्र आई बेचाळीस वर्षांची असतानाच कॉलेजात जाणार. म्हणजे पाच वर्षं आईचा हप्ता आणि लेकीची फी एकाच पगारातून. एकवीस वर्षांच्या पोराच्या कर्जात ही अडचण येत नाही. म्हणून आम्ही पंधरा वर्षांचा विचार सोडला आणि व्याज चालू महिन्यात भरायचं ठरवलं. हातात जादा पैसे आले तर मुदतीआधी फेडायचं. त्याला दंड नाही.

तरी माझं मत पुरतं पालटलं असं म्हणणार नाही. बँक फी देते, वसतिगृह, पुस्तकं, गणवेशाचे पैसे देते. बारा हजारांचा बंद झालेला पगार देत नाही. छत्तीस महिन्यांचे ते चार लाख बत्तीस हजार होतात, फीपेक्षा जास्त! ही रक्कम घर सोसतं. सासूनं सांभाळलेलं पोर आणि नवऱ्यानं केलेला जादा ओव्हरटाइम धरला तर ती आणखी फुगते. इंग्लंडमध्ये मुलं असलेल्या विद्यार्थ्यांना पाळणाघराच्या खर्चासाठी वेगळं अनुदान मिळू शकतं. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून फीची वसुली उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर गेल्यावरच करातून होते. आपल्याकडे हप्ता तारखेला येतो, पगार सुरू झालाय का हे तो विचारत नाही. थकला तर विद्यार्थ्याबरोबर सहकर्जदाराचीही पत बिघडते. केंद्राची व्याज अनुदान योजना आहे, वर्षाला साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी. पण शिक्षण मध्येच सोडणाऱ्याला ती मिळत नाही आणि घरात आजारपण आलं की शिक्षण आधी सुनेचं सुटतं. शिक्षणाचं कर्ज आखणाऱ्याच्या डोळ्यासमोर बापाच्या घरी जेवणारा विद्यार्थी असावा, घर चालवणारी विद्यार्थिनी नसावी.

सूनबाईच्या अर्जावर सहकर्जदार म्हणून सही मुलानं केली. मी तयार होतो, पण फेड होईपर्यंत मी ऐंशीच्या घरात असेन, तेव्हा तिनंच नको म्हटलं. बहिणीचा वाटा किती होता, तेही आता वहीत लिहिलं आहे. तो धाकट्यानं द्यायचा की आम्ही दोघांनी, यावर भावांचं अजून एकमत नाही.

आता गावात कुणी सल्ला विचारला तर गुंठा वीक असं मी सांगत नाही. विचारतो ते एवढंच: फी राहू दे बाजूला, घरातला कोणता पगार बंद होणार आणि तेवढी वर्षं तो कोण भरून काढणार? याचं उत्तर घरात असेल तर वय पाहू नका, बँकेत जा. नसेल तर जमीन विकूनही भागणार नाही.