तात्पुरती दुरुस्ती

वर्गांत जो विद्यार्थी उत्तर देण्यास विलंब लावतो तो मंद, अशी एक समजूत आम्हां शिक्षकांपैकीं पुष्कळांनीं फार दिवस बाळगली आहे. ती आमच्यापुरती कशी ढासळली, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत आम्ही पुण्यास गेलों असतां आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस रविवारीं जेवावयास बोलाविलें. शाळेंत असतांना हा मुलगा गणिताचें प्रत्येक उदाहरण दोनदां पडताळून पाही, आणि घंटा झाली तरी त्याची वही आमच्या टेबलावर येत नसे. त्याच्या प्रगतिपुस्तकांत आम्हींच एकदां शेरा मारला होता : "फार रेंगाळतो." आतां तो एका परदेशी बँकेचा 'मेनफ्रेम' संगणक सांभाळण्याच्या कामावर आहे.

उपासना आटोपून आम्ही त्याच्या घरीं पोहोंचलों, तेव्हां स्वारी संगणकापुढें बसली होती. "क्षमा करा, सर. तिकडे आतां मध्यरात्र उलटली आहे. ग्राहकांची वर्दळ कमी असते तेवढ्यांतच हें काम उरकावें लागतें," तो म्हणाला. यंत्र सातासमुद्रांपलीकडे, आणि त्याची दुरुस्ती चालली होती पुण्यांतील एका लहानशा खोलींत!

मेनफ्रेम म्हणजे एकाच वेळीं हजारों लोकांचे व्यवहार बिनचूक नोंदविणारा मोठा संगणक. आयबीएम कंपनीनें १९६४ सालीं 'सिस्टिम/३६०' ही यंत्रमाला जाहीर केली. तिच्यासाठीं लिहिलेले कित्येक प्रोग्राम आजच्या यंत्रांवरही चालूं शकतात, इतकी ही परंपरा अखंड आहे. अशा यंत्राच्या प्रणालींत दोष आढळला, म्हणजे कंपनी दुरुस्तीचा एक तुकडा पाठविते. त्यास 'पीटीएफ' म्हणतात. त्या नांवांतील मधलें अक्षर 'टेम्पररी' या शब्दाचें, म्हणजे तात्पुरती दुरुस्ती. प्रणालीची पुढील आवृत्ति येईपर्यंत चालावयाची.

ही दुरुस्ती 'एसएमपी/ई' नांवाच्या प्रोग्रामच्या साहाय्यानें बसवितात. तो जणूं त्या यंत्राचा दप्तरदारच होय. कोणता भाग कोणत्या दुरुस्तीनें बदलला, याची नोंद त्याच्यापाशीं असते. काम चार पायऱ्यांनीं होतें. प्रथम 'रिसीव्ह', म्हणजे आलेली दुरुस्ती दप्तरीं दाखल करून घेणें. मग 'अप्लाय चेक'. यांत कांहींही न बदलतां, बदल केला तर काय होईल, एवढेंच पाहावयाचें. त्यानंतर 'अप्लाय', म्हणजे प्रत्यक्ष बसविणें. शहाणी माणसें तेंही चालू प्रणालीवर न करितां तिच्या हुबेहूब प्रतीवर करितात आणि यंत्र त्या प्रतीवरून पुन्हां सुरू करितात. कांहीं बिघडल्यास जुन्या प्रतीकडे परत येतां येतें. कांहीं दिवस सर्व सुरळीत चाललें, म्हणजे शेवटीं 'अ‍ॅक्सेप्ट'. तोंपर्यंत 'रिस्टोअर' ही आज्ञा देऊन दुरुस्ती काढून टाकतां येते. 'अ‍ॅक्सेप्ट' झाल्यावर मात्र ती वाट बंद होते.

गेल्याच आठवड्यांत चाचणीच्या यंत्रणेवर ही दुरुस्ती निर्विघ्न बसली होती. तरीही आमच्या विद्यार्थ्यानें मुख्य यंत्रणेसाठीं 'अप्लाय चेक' दिलाच. आणि पडद्यावर १२ हा आंकडा उमटला. बारा म्हणजे काम अडलें. या दुरुस्तीच्या आधीं दुसरी एक दुरुस्ती बसलेली असणें अवश्य होतें, आणि मुख्य यंत्रणेवर नेमकी तीच राहून गेली होती.

आंत पानें वाढलीं होतीं. त्याची आई दोनदां बोलावून गेली. आम्हांसही राहवेना. "अरे, चाचणींत बसली ना? मग ही अट डावलतां येत नाहीं का?"

"कांहीं अटी डावलण्याची सोय आहे, सर," तो शांतपणें म्हणाला. "पण सकाळीं तिकडे लोक पैसे काढावयास येतील. त्यांच्या खात्यांवर प्रयोग कशाला करूं?"

मग त्यानें राहिलेली दुरुस्ती मागवून घेतली, तिच्यासोबत आलेला इशाऱ्याचा मजकूर ओळीनओळ वाचला, आणि दोहोंची मिळून पुन्हां परीक्षा घेतली. या खेपेस कांहीं अडलें नाहीं. तेव्हां कोठें त्यानें खरा 'अप्लाय' दिला. नव्या प्रतीवरून यंत्र सुरू होऊन व्यवहार नीट चालल्याचा निरोप तिकडून आला, तेव्हां तीन वाजून गेले होते.

जेवतांना आम्हीं त्या जुन्या शेऱ्याची गोष्ट काढली. तो हंसून म्हणाला, "सर, तें प्रगतिपुस्तक आईनें अजून जपून ठेविलें आहे. तो शेरा आल्यावर वर्षभर ती मला रोज घड्याळ लावून उदाहरणें सोडवावयास बसवी. त्या वर्षीं माझीं सर्वांत जास्त गणितें चुकलीं." त्याची आई कांहीं बोलली नाहीं. तिनें आमच्या पानांत आणखी थोडा भात वाढला.

हातांतला घास तोंडांत जाईना. आम्हीं तो शेरा तात्पुरताच म्हणून लिहिला होता. पण त्या घरानें तो कायमचा स्वीकारला. लिहिण्यापूर्वीं मुलगा उशीर कां लावतो हें आम्हीं पाहिलें नव्हतें, आणि लिहिलेलें परत घेण्याची कोणतीही आज्ञा आमच्यापाशीं नव्हती.

विद्यार्थिमित्रांनो, पडताळून पाहण्यांत गेलेला वेळ वायां जात नाहीं. पालकांसही आमची विनंती आहे कीं, आमचा शेरा मुलास लागू करण्यापूर्वीं एकवार आम्हांस भेटून विचारावें.

यंदां आम्ही शेरे प्रथम कच्च्या कागदावर लिहितों, आठ दिवसांनीं पुन्हां वाचतों, आणि मगच प्रगतिपुस्तकांत उतरवितों. त्यामुळें कचेरींतून "अजून झाले नाहींत का?" अशी विचारणा होते. आम्ही फार रेंगाळतों, असें कोणी म्हटल्यास आमची हरकत नाहीं.