ब्रह्मगिरीवर हातोडा नाही

त्र्यंबकेश्वराहून मोखाड्याच्या दिशेने निघालं की पुढे रस्ता घाटात शिरतो आणि कापलेल्या दरडीत दख्खनचा लाव्हा उघडा पडतो. काळा कातळ, त्याच्यावर बारीक पोकळ्यांनी भरलेला भाग, मग हातभर विटकरी माती, की पुन्हा काळा कातळ. भूशास्त्राचं पुस्तकी शिक्षण मी वर्गात घेतलं. संशोधन कसं करायचं असतं, ते मात्र अशा दरडींपाशी परदेशी संशोधकांबरोबर उभं राहून शिकले.

ही मंडळी इतक्या दुरून इथे येतात, कारण साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोर नाहीसे झाले, त्याच सुमाराला आपला हा लाव्हा वाहत होता. महाविनाश अशनीने घडवला की लाव्ह्याने, की दोघांनी मिळून, हा वाद सोडवायचा तर लाव्ह्याचं वय नेमकं कळायला हवं. त्याआधी थरांची ओळख पटायला हवी. १९८०च्या दशकात आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव आणि अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पीटर हूपर यांनी इतरांसह सह्याद्रीचे घाट पालथे घातले आणि खडकातल्या रसायनांवरून थरांची उतरंड लावली. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, आणि वर चढत महाबळेश्वरपर्यंत. आपल्या एसटीच्या पाट्यांवरची ही गावं आज जगभरच्या शोधनिबंधांत थरांची नावं म्हणून वावरतात. याचा मला फार अभिमान वाटतो.

आमच्या कामात जीव असतो तो त्या लाल थरात. एक प्रवाह थिजल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्या काळात कातळ कुजून त्याची माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. त्या उसंतीत एखाद्या ज्वालामुखीची राख तिच्यावर पडली असेल, तर मातीत झिरकॉन या खनिजाचे कण मिळण्याची आशा असते. बेसॉल्टमध्ये, म्हणजे त्या काळ्या कातळात, झिरकॉन सहसा नसतोच. त्या कणातल्या युरेनियमचं ठरावीक गतीने शिसं होत जातं. दोन्हींचं प्रमाण मोजलं की वय निघतं. पण आधी गोणीभर माती खणायची, वाहायची, धुवायची, जड कण वेगळे करायचे. बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. हा धीर मी पाहुण्यांकडून उचलला. रिकामी निघालेली गोणीही ते वहीत तितक्याच काळजीने नोंदवत: ठिकाण, उंची, खणल्याची खोली, तारीख.

आणखी एक गोष्ट मी त्यांच्याकडून घेतली. संध्याकाळी जेवताना त्यांच्यातली सगळ्यात धाकटी विद्यार्थिनी आपल्या प्राध्यापकांना सरळ म्हणाली की तुम्ही आज घेतलेली उंची मला पटत नाही. त्यांनी ताट बाजूला सारून वही काढली आणि दोघं पुन्हा आकडे पाहू लागले. ‘सर म्हणाले’ म्हटल्यावर विषय संपतो अशा वातावरणात मी वाढले होते. त्या रात्री मला झोप लागेना. आदर राखून गुरूला अडवता येतं, आणि तो अडवून घेतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

पण देणंघेणं दोन्हीकडून होतं. ब्रह्मगिरीचा कडा पाहिल्यावर पाहुण्यांचे हात शिवशिवू लागले. मी म्हणाले, इथे हातोडा चालवायचा नाही. त्र्यंबकच्या माणसांसाठी हा डोंगर म्हणजे साक्षात शंकर. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लोक अनवाणी त्याची फेरी करतात, गंगाद्वाराशी गोदावरीच्या उगमाला हात जोडतात. चमूच्या प्रमुख बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “मग हाच थर आणखी कुठे भेटेल?” त्या प्रश्नातूनच आमची कामाची रीत ठरली. दख्खनचे थर जवळजवळ आडवे पडलेले आहेत. एका डोंगरावर दिसलेला प्रवाह दरीपलीकडच्या डोंगरावर साधारण त्याच उंचीला शोधता येतो, आणि बेरियम, टायटॅनियम, स्ट्रॉन्शियम यांच्या प्रमाणावरून तो तोच आहे का, हे पडताळता येतं. म्हणून ब्रह्मगिरीवर आम्ही फक्त उंची मोजली, भिंगातून स्फटिक पाहिले, छायाचित्रं घेतली. हातोडा चालवला तो रस्त्याच्या दरडीवर. वय काढायला ताजा, न कुजलेला खडक लागतो, आणि तो तिथेच उत्तम मिळतो.

दुसरं देणं एका पाड्यावरच्या आजींचं. गवताने झाकलेला लाल थर आम्हाला सापडत नव्हता. त्या म्हणाल्या, “बाई, झिरा जिथं हाय ना, त्याच्या खाली लाल माती निघंल.” बरोबर होतं. ती चिकट माती पाणी मुरू देत नाही, म्हणून पाणी तिच्या वरून बाहेर पाझरतं. उन्हाळ्यात हंडे घेऊन चढणाऱ्या बायकांना झऱ्यांची ही ओळ पाठ असते. त्यानंतर आम्ही आधी पाड्यावर जाऊन बसायचो, मग डोंगर चढायचो. घड्याळ लावून दिवस आखणाऱ्या पाहुण्यांनीही ते मनापासून स्वीकारलं.

२०१९च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’च्या एकाच अंकात या घाटांवरचे दोन निबंध आले. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन यांच्या चमूने झिरकॉनवरून मांडलं की उद्रेकाचे चार जोरदार टप्पे होते आणि त्यांतला एक महाविनाशाच्या तोंडावर होता. कोर्टनी स्प्रेन आणि पॉल रेनी यांच्या चमूने लाव्ह्यातल्याच स्फटिकांमधला आर्गॉन मोजून सांगितलं की बराचसा लाव्हा महाविनाशानंतर बाहेर पडला. पहिल्या निबंधात अमरावती विद्यापीठाचे सय्यद खाद्री आहेत, दुसऱ्यात आयआयटी मुंबईचे कांचन पांडे. डोंगर तेच, घड्याळं दोन, आणि दोन्ही चमूंत आपली माणसं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे दोन निबंध शेजारी ठेवून वाचायला लावते.

तरी एक गोष्ट मला सलते. गोण्या उचलायला आपली मुलं असतात आणि यंत्रापुढे बसायला दुसरी. आजींसारख्यांच्या वाट्याला निबंधाच्या शेवटी ‘स्थानिक ग्रामस्थ’ एवढे दोन शब्द येतात. म्हणून आता मी सुरुवातीलाच बोलून घेते: प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग आमच्या कपाटात राहील, नमुन्याबरोबर आमचा विद्यार्थीही प्रयोगशाळेत जाईल, आणि वाट दाखवणाऱ्याचं नाव, त्याची हरकत नसेल तर, छापलं जाईल. आजवर कुणीही याला नाही म्हटलेलं नाही. आर्गॉनवरून वय काढण्याची राष्ट्रीय सुविधा आयआयटी मुंबईत आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी समुद्र ओलांडायचीही गरज नाही.

पुढचं काम ठरलं आहे. झऱ्यांची ओळ धरून तो लाल थर जव्हारच्या बाजूला कुठवर जातो, ते पाहायचं. गवत वाळलं की डिसेंबरात निघू. यंदा आखणी माझी एक विद्यार्थिनी करते आहे, आणि परदेशातली मंडळी तिला विचारून आपल्या तारखा ठरवताहेत.