पिवळे डोळे आणि फॉर्म 9

पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला ‘ईएसआय 120’ असं कापलेलं दिसायचं. सोळा हजारांवर पाऊण टक्का. कुपवाड एमआयडीसीत लागल्यापासून ते कशाचे, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. युनियनची वर्गणी असेल, असं धरून चाललो होतो. ती कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी होती आणि मालकही आपल्या खिशातून सव्वातीन टक्के भरतो, हे तर फारच उशिरा कळलं.

फेब्रुवारीत डोळे पिवळे झाले. सांगलीतली खोली बंद केली आणि एसटीनं थेट साताऱ्याला, आईकडं. तिनं आधी काविळीची माळ डोक्यावर घातली, मग गल्लीतल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी रक्त तपासलं, विश्रांती सांगितली आणि लेटरहेडवर शिक्क्यासकट झोकदार दाखला दिला. त्याचा फोटो सुपरवायझरना पाठवून मी निवांत ऊस चोखत बसलो.

दुपारी टाइम ऑफिसातल्या भाऊंचा फोन. “अरे, दाखला ईएसआयच्या डॉक्टरचा लागतो. तुझा दवाखाना कुठला?” मला दवाखाना आहे हीच बातमी होती. पहचान कार्ड खोलीवरच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेलं. खासगी डॉक्टरचा कागद अगदीच वाया जातो असं नाही, पण तो पुरावा म्हणून मानायचा की नाही हे ईएसआयचं महामंडळ ठरवतं. शिवाय उपचार जिथं चालू असतील तो भाग डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सोडायचा नाही, असाही नियम आहे. ‘आईकडं’ हे कारण कुठल्याच रकान्यात बसेना.

परत सांगली. दवाखान्यातल्या मॅडमनी डोळे पाहिले, पोट दाबलं आणि पहिला दाखला लिहिला, त्याच दिवसाचा. “मॅडम, तारीख जरा मागची घाला की.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “मी आज बघितलं, आजचंच लिहिणार.” पुढं साधारण दर आठवड्याला मधला दाखला, आणि कामावर जाण्याजोगं झालं की शेवटचा. मधले वगळून एकदम शेवटचाच मिळेल का, असं विचारलं, तर मागची रांग हसली.

ईएसआयच्या शाखा कार्यालयात आजारपणाच्या भत्त्यासाठी फॉर्म 9 भरला. आजार फेब्रुवारीतला, पण हिशेब गेल्या एप्रिल ते सप्टेंबरचा: त्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. माझी होती. मग सरासरी रोजाच्या 70 टक्के, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. मी मनात नवा मोबाइलही घेऊन टाकला. तेवढ्यात कंपनीकडून गैरहजेरीचा तपशील आला. सुपरवायझरनी दयेपोटी काही दिवस भरपगारी रजा टाकली होती, आणि पगार मिळालेल्या दिवसाला भत्ता नाही. वर आजाराचे पहिले दोन दिवस ‘प्रतीक्षा’ म्हणून कोरडेच जातात.

पैसे मात्र सरळ बँकेत आले. रात्री बायकोला सगळं समजावून सांगितलं. पंधरा दिवसांच्या आत परत आजारी पडलं तर ते दोन दिवस कापत नाहीत, हेही सांगितलं.

ती भाकरी थापत होती. “अहो, मग कॅलेंडर बघून ठेवू का?”